शाळेचं माध्यम : स्वारगेटला ऐकू येणारे गैरसमज

पुण्यात सगळ्यात जास्त प्रकारची बोली कुठे कानावर पडत असेल तर ती स्वारगेटला. एसटी स्थानकातून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या गाड्या सुटतात आणि येताना घाटावरची, माणदेशी, सोलापुरी मराठी घेऊन येतात. शेजारच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मराठीबरोबर मारवाडी, गुजराती, कानडी चालते. जेधे चौकातून शंकरशेठ रस्ता धरला की गोळीबार मैदानापलीकडे कॅम्पात आझम कॅम्पसची उर्दू शाळा. उलट्या दिशेला टिळक रस्त्यावर न्यू इंग्लिश स्कूल, नाव इंग्रजी आणि माध्यम मराठी. कसब्यात गुजराती शाळा. महापालिकेच्या शाळांत मराठी आणि इंग्रजीखेरीज उर्दू आणि कन्नडही. राज्यातल्या या सगळ्या माध्यमांची पुस्तकं काढणारी बालभारती १९६७ पासून याच शहरात आहे.

एवढं असूनही मुलाला शाळेत घालायची वेळ आली की चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : मराठी की इंग्लिश मीडियम? त्या चर्चेत छातीठोकपणे बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टी इथे तपासायच्या आहेत. दोन्ही बाजूंच्या. कारण इंग्रजीच्या बाजूने जेवढे गैरसमज आहेत, तेवढेच मराठीच्या बाजूनेही आहेत. फक्त ते मराठीत लिहायला जरा जड जातं.

गैरसमज : इंग्रजी माध्यमात घातलं की इंग्रजी आपोआप येतं

या एका समजुतीवर सगळा डोलारा उभा आहे, म्हणून तिच्याजवळ थोडं थांबू.

इंग्रजी हा विषय चांगला शिकणं आणि गणित, परिसर, इतिहास इंग्रजीतून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधण्यासाठी दुसरीच करावी लागते असं नाही. हे पालकांना कुणी सांगत नाही, कारण सांगून कुणाच्याच शाळेची फी वाढत नाही.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांच्या अभ्यासातून एक गोष्ट दाखवली. नव्या भाषेत खेळण्याबोलण्यापुरती सफाई साधारण दोन वर्षांत येते. पण त्या भाषेतलं पाठ्यपुस्तक वाचून समजून घेणं, त्यावर विचार करून लिहिणं, हे यायला पाच ते सात वर्षं लागतात. ही मुलं कुठली? जिथे शाळेबाहेर दुकानात, मैदानात, टीव्हीवर सगळीकडे इंग्रजीच आहे, तिथली. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर इंग्रजी भेटते ती दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाइलमध्ये. त्याला किती वर्षं लागतील याचा हिशेब कुणी मांडत नाही. तोवर तो चौथीत गेलेला असतो आणि ‘गणितात कच्चा’ ठरलेला असतो.

यावर हमखास येणारा सवाल : मग आमच्या ओळखीतली मुलं कशी फाडफाड बोलतात? उत्तर कॅनडातच आहे. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजीभाषक मुलांना सुरुवातीपासून फ्रेंचमधून शिकवायचा प्रयोग झाला. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांची इंग्रजीही बिघडली नाही. पण त्या मुलांची घरची भाषा देशातली सर्वांत वजनदार भाषा होती, शिक्षक फ्रेंचमध्ये मुरलेले होते, आणि हा प्रयोग शिकलेल्या पालकांनी स्वतःहून मागून घेतलेला होता. पुण्यातल्या महागड्या शाळांत अशा बऱ्याच अटी पुऱ्या होतात. घरी इंग्रजी पुस्तकं असतात, आईवडील गृहपाठ घेतात, नाहीतर शिकवणी लावतात.

गल्लीतल्या तीन खोल्यांच्या ‘इंटरनॅशनल’ शाळेत यातलं काहीच नसतं. तिथे बाई पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचतात, मराठीत किंवा हिंदीत अर्थ सांगतात, फळ्यावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहितात. मुलं उतरवून घेतात आणि पाठ करतात. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मिश्र, परीक्षा पाठांतराची. यात बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्या स्वतः अशाच शाळेतून आलेल्या असतात आणि त्यांचा पगार घरकामाच्या कमाईच्या आसपास असतो. पण हिला इंग्रजी माध्यमाची शाळा म्हणायचं ते फक्त फाटकावरच्या पाटीमुळे.

नायजेरियात इफे इथे १९७० मध्ये सुरू झालेला प्रकल्प याच्या नेमका उलट होता. एका गटाला प्राथमिकची सहाही वर्षं योरुबा या त्यांच्या मातृभाषेतून शिकवलं, दुसऱ्याला तीन वर्षांनी रिवाजाप्रमाणे इंग्रजीकडे वळवलं. सहा वर्षं योरुबातून शिकलेली मुलं बाकीच्या विषयांत पुढे राहिली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मात्र त्यांना इंग्रजी हा विषय शिकवायला खास तयारीचे शिक्षक दिले होते. मराठी शाळांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. मातृभाषेतून शिकवलं की इंग्रजी आपोआप सुधारतं, असंही नाही. कुणाला तरी ते नीट शिकवावं लागतं.

गैरसमज : मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होतं

ही आजच्या आईवडिलांच्या शाळेतली गोष्ट. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यावर तेव्हा बराच गदारोळ झाला, पण पाव शतक उलटलं तरी निम्म्या शहराला त्याचा पत्ता नाही. शिवाय सेमी-इंग्रजी आहे : गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. आठवीपासूनचं सेमी हा या राज्याने काढलेला शहाणपणाचा मध्यममार्ग होता, कारण तोवर मुलाच्या डोक्यात अपूर्णांक, बल, पेशी या कल्पना मराठीत पक्क्या झालेल्या असत. पट टिकवण्यासाठी काही शाळांनी सेमी पहिलीवर आणून ठेवलं, तिथे ते शहाणपण संपलं.

गैरसमज : आपले सगळे थोर लोक मराठी माध्यमात शिकले

मराठी भाषा दिनाच्या भाषणांत ही यादी हमखास ऐकू येते : रानडे, टिळक, आगरकर. वस्तुस्थिती अशी की या पिढीचं फक्त प्राथमिक शिक्षण मराठीत झालं. पुढे इंग्रजी शाळा, इंग्रजी पुस्तकं, इंग्रजीतून परीक्षा. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी काढलेल्या शाळेचं नाव न्यू इंग्लिश स्कूल आहे ते उगीच नव्हे. माध्यमिक शाळांत मराठी माध्यम खऱ्या अर्थाने रुजलं ते विसाव्या शतकात, बरंचसं स्वातंत्र्याच्या आगेमागे. म्हणजे ज्याला आपण जुनी परंपरा समजतो ती फार तर तीन-चार पिढ्यांची आहे.

वाद मात्र खरोखर जुना आहे. १८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं म्हणणं होतं की सरकारचा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हावा. विरोधात उभे राहिले ते कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि बोर्डावरचे तिघे एतद्देशीय सभासद : जगन्नाथ शंकरशेठ, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. १८४७ मध्ये दोन्ही बाजूंनी लांबलचक टिपणं लिहिली गेली. शंकरशेठ यांची बाजू थोडक्यात अशी की इंग्रजीचा फायदा मूठभरांना होईल. सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते त्यांच्याच भाषेतून जाईल. इंग्रजीचा त्यांना तिटकारा नव्हता. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत ते पुढे होते. वरच्या शिक्षणाला इंग्रजी आणि सर्वांच्या शिक्षणाला देशी भाषा, ही १८५४च्या वुडच्या खलित्यातली विभागणी पुढे शंभर वर्षं टिकली. शंकरशेठ हे नाव स्वारगेटला रिक्षावाल्याला पत्ता सांगताना दिवसातून शंभर वेळा उच्चारलं जात असेल. पण आपण आज जे भांडतो आहोत ते हा माणूस पावणेदोनशे वर्षांपूर्वी भांडला होता, हे शाळेच्या पुस्तकात ठळक हवं होतं.

उच्च शिक्षणही मराठीतून देता येतं, हे पुण्यातच करून दाखवलं गेलं. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा माध्यम मातृभाषा ठेवलं. रघुनाथ माशेलकर मुंबईत महापालिकेच्या शाळेत आणि गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये शिकले, पुढे पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. पण एका माशेलकरांवरून माध्यमाचा निकाल लावणं चूकच. मराठी शाळेतून पुढे न गेलेल्यांची यादी कुणी करत नाही, तशीच इंग्रजी शाळेतून गळालेल्यांचीही नाही. पुढे गेलेल्या माणसाचं उदाहरण सोयीचं असतं, पुरावा म्हणून ते कच्चं.

गैरसमज : हिंदी राष्ट्रभाषा आहे, आणि नवीन धोरणात ती पहिलीपासून सक्तीची आहे

राज्यघटनेत राष्ट्रभाषा हा दर्जा कोणत्याच भाषेला नाही. कलम ३४३ प्रमाणे देवनागरीतली हिंदी ही केंद्राची राजभाषा आहे, म्हणजे कारभाराची भाषा.

आता धोरण. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्रिभाषा सूत्र आहे, पण तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात आणि कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही, असंही त्यातच लिहिलं आहे. त्यावर आधारलेल्या २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून आहे. तरीही महाराष्ट्र सरकारने १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय काढून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. ओरड झाल्यावर १७ जूनच्या निर्णयात ‘अनिवार्य’ची जागा ‘सर्वसाधारणपणे’ने घेतली, हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं हवीत, अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे वीस वर्षांनी एका व्यासपीठावर दिसले. बातम्या पुढचे कितीतरी दिवस त्याच चित्राच्या.

या गोंधळात दोन साध्या गोष्टी मागे पडल्या. एक : या राज्यात हिंदी पाचवीपासून शिकवली जातच होती, आणि ती कुणाला खुपत नव्हती. दोन : सहा वर्षांच्या मुलाला एकाच वर्षात तीन भाषा वाचायला-लिहायला शिकवणार कोण? तेच शिक्षक, जे दोन इयत्ता एका खोलीत सांभाळतात. भाषाभिमानाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एवढ्या एका कारणावर तो निर्णय नापास होता.

गैरसमज : मातृभाषेतून शिक्षण म्हणजे मराठीतून शिक्षण

इथे मराठीचे कैवारी सर्वांत जास्त गडबडतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे ६९ टक्के होते. उरलेल्यांत हिंदी, उर्दू, गुजराती आहेत, तशा भिली, गोंडी, कोरकू, बंजारा, वडारीही आहेत. पुण्याच्या बांधकामांवर विटा उचलणाऱ्या बाईचं मूल मराठी शाळेत गेलं की आपण खूश होतो, ‘मातृभाषेत शिकतंय’ म्हणतो. त्याच्या घरी बोलतात लमाणी. त्याच्या लेखी मराठी ही शाळेची भाषा आहे, मोठ्या घरच्या मुलाच्या लेखी इंग्रजी असते तशी. फक्त त्याला घरी मदत करणारं कुणी नाही.

आणि मराठी मुलाचं तरी काय? माणदेशातून किंवा बीडकडून आलेलं पोर वर्गात आपल्या बोलीत उत्तर देतं तेव्हा त्याचं उत्तर तपासण्याआधी त्याचा उच्चार तपासला जातो. ‘अशुद्ध’ हा शिक्का पहिल्याच आठवड्यात बसतो आणि मग मूल बोलणंच कमी करतं. मातृभाषेच्या तत्त्वाचा खून असा मराठी शाळेतसुद्धा होतो, अगदी शुद्ध मराठीत.

घटनेचं कलम ३५०-अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आलं. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा चालतात त्या याच तत्त्वावर, आणि बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांसाठी आपण जे मागतो तेही हेच. बेळगावला मराठीचा हक्क मागायचा आणि आपल्याकडे गोंडी बोलणाऱ्याला मराठी पुरे म्हणायचं, हे जमणारं नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मातृभाषेचा एवढा गजर करणाऱ्या राज्यात असं झालं.

अडचणी खोट्या नाहीत. फिलिपीन्सने २०१३ मध्ये कायदा करून पहिल्या इयत्तांत मातृभाषा माध्यम सक्तीचं केलं. भाषा अनेक, पुस्तकं अपुरी, एकाच वर्गात वेगवेगळ्या बोलींची मुलं. शेवटी २०२४ मध्ये ती सक्ती उठली. स्वारगेटच्या आसपासच्या पालिका शाळेतल्या एका वर्गातही चार घरभाषा सहज निघतात. प्रत्येकीसाठी वेगळी तुकडी शक्य नाही. पण मुलाच्या भाषेतले शंभरेक शब्द शिकून घेणारी, दोन्ही भाषांत गोष्ट सांगणारी, त्याने घरच्या भाषेत दिलेलं उत्तर चालवून घेणारी बाई शक्य आहे. त्याला शासन निर्णय लागत नाही.

गैरसमज : सरकारने मनात आणलं तर मराठी माध्यम सक्तीचं करता येईल

नाही. कर्नाटकाने हा प्रयत्न केला होता. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, राज्य मातृभाषा लादू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषेबद्दल ‘शक्य तितकं’ अशीच सवलतीची भाषा आहे. गोव्याने अनुदानाचा मार्ग धरला : १९९०च्या सुमारास फक्त मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांना अनुदान. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही ते मिळालं आणि त्यावरून गोव्याचं राजकारण ढवळून निघालं. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, पण ती विषय म्हणून. कायद्याने एवढंच होऊ शकतं.

गैरसमज : पालकांच्या हौसेपायी मराठी शाळा ओस पडल्या

पालकांना बोलणं सोपं आहे. पण मार्केट यार्डातला हमाल पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेची फी भरतो ती हौस म्हणून नाही. इंजिनीअरिंग इंग्रजीत आहे, मुलाखत इंग्रजीत आहे, साहेबाचा मुलगा इंग्रजीत शिकतो आहे. यातून त्याने जो निष्कर्ष काढला, तो साधन चुकीचं असलं तरी हेतूने अगदी बरोबर आहे.

आणि शाळा आपोआप ओस पडलेल्या नाहीत. २०१२ मध्ये शिक्षकभरतीला ब्रेक लागला तो वर्षानुवर्षं. त्याच साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि खाजगी शाळांना दार सताड उघडलं. २०१७च्या अखेरीस कमी पटाच्या १,३०० च्या आसपास सरकारी शाळा बंद करायचा निर्णय झाला. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षक मंजूर करण्याच्या, या चरकातून शाळा एकदा गेली की वर येत नाही. गरिबाला चांगल्या खाजगी शाळेत जायचा एक रस्ता होता, शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. स्वतःची शाळा सुधारायची नाही आणि दुसऱ्याच्या शाळेचं दारही लावायचं, असा तो कारभार होता.

तेव्हा यंदा कुणी मुलासाठी शाळा बघत असेल तर फाटकावरची पाटी वाचून परत फिरू नका. पहिली-दुसरीच्या वर्गात अर्धा तास बसायला मागा. मुलं बाईंना प्रश्न विचारतात का आणि कोणत्या भाषेत विचारतात, ते बघा. इंग्रजी शाळा असेल तर बाईंशी इंग्रजीत दोन मिनिटं बोलून बघा. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्या कुणाला सोबत न्या. मराठी शाळा असेल तर इंग्रजीचा तास कोण घेतं आणि आठवड्यात किती वेळा घेतं, हे विचारा. मुलांच्या वह्या मागून घ्या आणि तीसही वह्यांत तेच उत्तर त्याच शब्दांत आहे का, तपासा. असेल, तर माध्यम कोणतंही असो, त्या शाळेत प्रवेश घेऊ नका.